चार डिसेंबरपासून सगळे नर

आकार

"मॅडम, हा नर का मादी?"

सकाळपासून पाचव्यांदा. सुचेतानं डोळ्याची दुर्बीण काढली नाही, पण कान मात्र आवाजाकडे वळले. माणूस बांधाच्या खालच्या अंगाला, सगळ्यांपासून दहा पावलं लांब उभा होता. मागच्या रविवारीही तसाच उभा होता. जवळ या म्हटलं की म्हणायचा, "बरंय इथंच."

वर हवेत एक खरूची एकाच जागी थांबली होती. पंख थरथरत होते, शेपटी पंख्यासारखी उघडलेली, नजर खाली गवतात रुतलेली. कबुतराएवढा शिकारी पक्षी, पण उंदराची धडगत नव्हती.

"नर," सुचेता म्हणाली. "डोकं राखी, शेपूट राखी. पाठ तेवढी विटकरी. मादी सगळीच विटकरी असते, शेपटीवर आडव्या पट्ट्या असतात."

"राखी," माणूस पुटपुटला. त्यानं खिशातून हाताच्या पंजाएवढी वही काढली, काहीतरी लिहिलं, वही परत खिशात.

बाकीचे पाच-सहा जण पक्ष्याचं नाव विचारत. कुठून येतो, काय खातो, घरटं कुठं करतो. ह्याला नाव नको होतं, गाव नको होतं. ह्याला नर का मादी एवढंच हवं होतं.

त्याचं स्वतःचं नाव कोंडिराम हिवराळे. पंचेचाळिशीचा, मूळ जालन्याकडचा, भाईंदर पूर्वेला एका दोऱ्याच्या कारखान्यात कामाला. केबिन रोडच्या वाचनालयातला कागद वाचून आला होता. 'दर रविवारी सकाळी सातला, भाईंदर पश्चिमेच्या मिठागरांत पक्षी पाहूया.' कागद सुचेतानंच लावलेला. नोव्हेंबर १९९४.

त्या साली एकमेकांकडे सरळ बघायचे दिवसच नव्हते. सप्टेंबरात सुरतेहून प्लेगची बातमी आली आणि इथं लोकांनी तोंडाला रुमाल बांधले. दुकानात कुणी खोकलं की रांग आपोआप मागं सरायची. आता नोव्हेंबर लागला तरी खोकणाऱ्याकडे वळून बघायची सवय गेलेली नव्हती.

सुचेताचा संशय प्लेगचा नव्हता. तो गेल्या हिवाळ्यापासून तिच्याजवळ होता.

मिठागरांच्या मधोमध विजेच्या तारांचा एक टॉवर आहे. त्याच्या दुसऱ्या आडव्या हातावर गेल्या हिवाळ्यात एक बहिरी बसायची. बहिरी ससाणा, मादी. ह्या जातीत नर-मादीचा रंग एकच, फरक फक्त आकाराचा. शिकारी पक्ष्यांचा संसारच उलटा: बायको थोराड, नवरा किरकोळ. शेजारी कावळा येऊन बसला की कळतं. नर कावळ्याएवढा, आणि मादी अशी की कावळा तिच्यापुढे पोरगेला दिसावा.

जानेवारीत एक गृहस्थ आले. गॉगल, इस्त्रीचा शर्ट, परदेशी दुर्बीण, बोलणं असं की ऐकत राहावं. तीन रविवार आले. तिसऱ्या रविवारी हसून विचारलं, "ती टॉवरवरची, नर की मादी?" सुचेतानं हात लांब करून, बोट दाखवून, कावळ्याची मोजपट्टी लावून समजावलं. मादी. शंभर टक्के मादी.

चौथ्या रविवारी गृहस्थ आले नाहीत. पाचव्या रविवारी बहिरी नव्हती. मिठागरावर काम करणाऱ्या नाथाला तिवरांच्या चिखलात एक मेलेलं कबूतर सापडलं. त्याच्या पाठीवर कातड्याचं जाकीट बांधलेलं, जाकिटावर बारीक नायलॉनच्या दोऱ्याचे वीस-पंचवीस फास. बहिरी कबुतरावर झडप घालते आणि नख्या फासांत अडकतात. गटातले पंढरीनाथकाका म्हणाले, समुद्रापलीकडचे शौकीन बहिऱ्या पाळतात. त्यांना मादीच लागते, मोठी म्हणून. नराला कुणी विचारत नाही.

सुचेता सरकारी छापखान्यात प्रूफं तपासायची. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात तिची बारा वर्षं गेली होती. ही एक चूक तिची स्वतःची होती आणि ती दुरुस्त करायला कुठला समासच नव्हता.

आणि आता, वीस नोव्हेंबरला, त्याच टॉवरवर, त्याच हातावर, एक बहिरी येऊन बसली. थोड्या वेळानं शेजारी कावळा बसला.

कावळा पोरगेला दिसला.

सुचेतानं कुणालाही बोट दाखवलं नाही. आपल्या वहीत एक ओळ लिहिली, वही पर्समध्ये टाकली आणि चेन शेवटपर्यंत ओढली. ही बहिरी जाऊ द्यायची नाही. काहीही झालं तरी ही नाही.

रंग

दुर्बीण हातात दिली की हा हिवराळे आधी रुमालानं पुसतो. परत देताना पुन्हा पुसतो, पट्ट्यासकट. ठसे पुसायला हा कुणाच्या घरात शिरलाय?

खोकला आला की तिवरांआड जातो. पाच मिनिटांनी येतो.

उत्तर मिळायच्या आधी ह्याचे ओठ हलतात.

रुमालावर केशरी डाग. "पान खाता काय हो हिवराळे?" "नाही मॅडम. का?" आणि स्वतःच्याच रुमालाकडे असा बघत राहिला, जणू तिथं काहीच नाही.

घारीबद्दल एकदाही विचारलं नाही. विचारतो दोनच पक्षी, खरूची आणि भोवत्या. भोवत्या म्हणजे लांब पंखांचा, मिठागरावरून अगदी खालून, घिरट्या घालत जाणारा. नर राखी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. बहिरीबद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता. पहिल्याच रविवारी सुचेतानं सगळ्यांना सांगितलं होतं, बहिरीत रंग एकच, आकारच बघायचा. तेव्हा ह्यानं मान डोलावली होती, लिहिलं मात्र नव्हतं.

चोर पहिल्या दिवशी तिजोरीकडे बघत नाही. आधी दाराच्या कड्या बघतो.

सत्तावीस नोव्हेंबरला वाऱ्यानं त्याच्या वहीचं पान उघडलं आणि त्यातल्या चार ओळी सुचेताच्या नजरेला पडल्या. प्रूफं वाचणाऱ्या बाईला उलटं पानही वाचता येतं.

१३ नोव्हें. दुसरा बांध. खरूची. न / न ✓
२० नोव्हें. तिवरं. भोवत्या. न / मा ✗
२० नोव्हें. तिसरा बांध. खरूची. मा / मा ✓
२७ नोव्हें. तिसरा बांध. खरूची. न / मा ✗

तारीख, जागा, पक्षी, नर, मादी. कबूतर कुठं सोडायचं त्याचा नकाशाच. बरोबरच्या खुणा आणि फुल्या कशाच्या ते तिला कळलं नाही. न कळलेल्या गोष्टीला तिनं जास्त गुण दिले.

गटाची एक रीत होती. दुर्बिणी दोनच. ज्याच्या डोळ्याला दुर्बीण तो मोठ्यानं हाक देणार: पक्षी, संख्या, नर-मादी. पंढरीनाथकाका ती यादीत उतरवणार. काका निवृत्त विज्ञानशिक्षक, यादी लिहिण्यात एकही काना चुकायचा नाही. पण डोळ्यांत मोतीबिंदू, दुर्बिणीतून त्यांना पक्ष्याऐवजी पक्ष्याचं धुकं दिसायचं. म्हणून वर्षानुवर्षं हाक सुचेताची, हात काकांचा. तिच्या हाकेवर कधी कुणी प्रश्न काढला नव्हता.

चार डिसेंबर. तिसऱ्या बांधावर खरूची थांबली. डोक्यापासून शेपटीपर्यंत विटकरी, शेपटीवर पट्ट्या मोजून घ्याव्यात अशा.

"मॅडम, नर का—"

"खरूची, एक, नर," सुचेतानं खणखणीत हाक दिली.

काकांचं पेन चाललं. जगबुडी झाली नाही. मग भोवत्याची तपकिरी मादी गेली. "भोवत्या, एक, नर." दुसऱ्या वेळी जीभ अडखळलीसुद्धा नाही. मादी नाहीच म्हटल्यावर घेणारा कशाला येईल? हे मिठागर नुसत्या नवऱ्यांचं आहे, बाबा. जा दुसरीकडे.

हिवराळ्यांनी वहीत लिहिलं आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. इतका, की सुचेताला भीती वाटली.

"आज सगळं बरोबर आलं, मॅडम."

"काय बरोबर आलं?"

"काही नाही," ते म्हणाले आणि हसत हसत तिवरांआड खोकायला गेले.

रंग (पुन्हा)

अकरा डिसेंबर: नर, नर, नर...

अठरा: नर, नर, नर...

पंचवीस: नर, नर, नर, नर...

आणि सुचेताच्या पर्समधल्या वहीत, त्याच तारखांना, खरं काय ते. मादी. नर. मादी. मादी. सांगता येत नाही, पहिल्या वर्षाचा भोवत्या, नराची पोरंही मोठी होईपर्यंत आईसारखीच तपकिरी दिसतात. मादी. खोटं बोलायचं तेही नीट नोंद ठेवून, अशी ती बाई होती.

पंचवीसलाच फेरी संपल्यावर सगळे वडापावच्या गाडीवर थांबले. काकांनी यादी काढली, चष्मा कपाळावर नेला, कागद नाकाला लावला.

"सुचेता, चार रविवार. खरूची आणि भोवत्या मिळून सव्वीस नर. मादी शून्य. काय गं, ह्या सगळ्यांच्या बायका माहेरी गेल्यात का?"

सगळे हसले. सुचेताही हसली, घशाच्या वरवर.

"होतं असं काका. कधी कधी नर आधी येतात थंडीला."

"मी छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. असं होतं हे मला नवीनच कळतंय. मला दिसत नाही म्हणून वाटेल ते ऐकवू नकोस हं. पंधरा जानेवारीच्या फेरीनंतर यादी पक्षीगणनेसाठी पोस्टात टाकायचीये. माझ्या सहीनं जाणारेय."

"मी तपासून देते."

"तपास बाई. तू नाही तपासणार तर कोण?"

हिवराळे गाडीच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. चहा त्यांनी घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात ओतून घेतला. गाडीवरचा ग्लास ते कधी घेत नसत. "भैया, हरी चटनी देना," म्हणाले, आणि भैयानं दोन्ही वाट्या पुढं सरकवल्यावर लाल चटणीत चमचा बुडवून वड्यावर थापली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. तरी सगळा खाऊन टाकला.

सुचेतानं हेही टिपलं. कशात मांडायचं ते कळेना, म्हणून नुसतंच टिपलं.

निघताना ते तिच्याजवळ, म्हणजे नेहमीच्या दहाऐवजी सहा पावलांवर आले.

"मॅडम, तुमचे लई उपकार. माझी नजर आता पक्की बसली. महिनाभर एक चूक नाही."

"कशासाठी बसवताय नजर?"

हिवराळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "पोटासाठी," म्हणाले आणि चालू लागले.

पोटासाठी! तोंडावर सांगून गेला.

गेल्या वर्षी गॉगलवाल्यावर तिला तीन रविवारांत एकदाही संशय आला नव्हता, हे तिला त्या क्षणी आठवलं. त्याचे बूट स्वच्छ होते. ही आठवण तिनं लगेच बाजूला सारली, कारण ती सोयीची नव्हती.

वागणूक

आठ जानेवारीला नाथानं तिला बांधावर अडवलं. पन्नाशीचा नाथा मिठागराजवळच्या गावचाच, पिढीजात मिठावरचा. कबूतर सापडल्यापासून टॉवरची राखण आपल्याकडेच आहे असं तो समजायचा.

"सुचेताबाय, तुमचा तो मानूस सरल न्हाय."

"कोण, हिवराळे?"

"नाव कोनाला ठाव? तो खोकनारा. बुदवारी सकालचे आलता. रयवार न्हाय, काय न्हाय, एकटाच टावरच्या खाली बसला व्हता. बांदावर दोरं मांडलं व्हतं."

सुचेतानं वर टॉवरकडे पाहिलं. "दोरे?"

"बारीक बारीक दोरं. एकेक उचली, डोल्यांम्होरं धरी, मंग खाली ठेवी. मना बगितला न सगला गोला करून खिशात. मी बोललो, काय रं करतंस? बोलतो, काय न्हाय, हवा खातो."

"फास बांधत होता."

"मंग काय झबली शिवीत व्हता?" नाथा थुंकला. "पुन्यांदा आला का मी त्याला खारीत बुचकलून कारतो, बगा."

"थांब. हात नको लावूस. मुद्देमालासकट धरू. पुढच्या रविवारी मी सहालाच येते."

आठवडाभर छापखान्यात तिच्या हातून तीन चुका सुटल्या.

पंधरा जानेवारीला उजाडता उजाडता ती नाथासह टॉवरकडे निघाली. नाथाच्या खांद्यावर फावडं. मिठागराच्या पाण्यावर आभाळ नुकतं गुलाबी होत होतं. टॉवरच्या दुसऱ्या हातावर बहिरी मान पंखांत खुपसून बसली होती. आणि बरोबर तिच्याखाली, बांधावर, मांडी घालून, त्यांच्याकडे पाठ करून, हिवराळे.

समोर दोरे मांडलेले.

"हालू नको रं!" नाथा ओरडला.

हिवराळे दचकून उठायला गेले, खोकल्याची उबळ आली, तोंडावर रुमाल दाबून परत खाली बसले.

"फास कुठायत?" सुचेतानं विचारलं. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कसले फास?"

"आणि कबूतर?"

"कबूतर?" हिवराळे गोंधळले. "मॅडम, मी कबूतर खात नाही."

नाथानं फावड्याच्या टोकानं दोरे उलटसुलट केले. फास नव्हते. बोटभर लांबीचे, रंगीत, सुती दोरे. पुठ्ठ्याच्या एका पट्टीला खाचा पाडून त्यांतून सोडवलेले. पट्टीवर प्रत्येक खाचेपाशी नंबर.

"शेड कार्ड आहे," हिवराळे म्हणाले. "मी कारखान्यात शेडवाला आहे. मास्तर रंग घालतो, पण दोरा नमुन्याला जुळला का नाही ते मी सांगतो. तेवीस वर्षं माझ्या डोळ्यानं माल पास होतो."

"मग इथं काय करताय, टॉवरखाली?"

त्यांनी रुमाल मुठीत घेतला. मग नाथाकडे बघून म्हणाले, "त्यांना जरा लांब उभं करा. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. खोकला छातीचा आहे."

नाथा आपण होऊन चार पावलं सरकला.

"ऑगस्टात टीबी निघाला. बोरिवलीला औषध घेतो, इथं नको, कारखान्यात कळेल. प्लेगच्या दिवसांत कुणाला सांगू, मला छातीचं दुखणं आहे म्हणून? गेटातूनच परत पाठवतील. गोळ्यांनी आराम आहे. पण डॉक्टर म्हणाले, ह्यातली एक गोळी एखाद्याच्या डोळ्यांवर येते. लाल-हिरव्याचा घोळ व्हायला लागला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं. उशीर केला तर नजर परत येईल न येईल. आता सांगा, शेडवाल्यानं रंग कुणाला विचारायचा? 'हा दोरा कुठल्या रंगाचा हो' असं विचारलं की शेडवाला संपला. घरी बायकोला विचारलं तर ती रडत बसेल."

त्यांनी खिशातून वही काढली.

"तुम्ही पहिल्याच रविवारी म्हणालात, राखी डोकं नर, विटकरी डोकं मादी. मला वाटलं, हे बरंय. इथं रंग विचारावाच लागत नाही. नर का मादी विचारायचं, लोक म्हणतील शिकतोय. डावीकडं माझा अंदाज, उजवीकडं तुमचं उत्तर. जुळलं तर बरोबर, नाही तर फुली. नोव्हेंबरात फुल्या वाढायला लागल्या. मला सगळेच राखी दिसायला लागले. घाबरलो. पाच डिसेंबरची सुट्टीपण टाकली डॉक्टरकडं जायला."

"मग?"

"चार डिसेंबरला सगळं बरोबर आलं ना. सगळे नर. मला नर दिसले, तुम्हीपण नर म्हणालात. म्हटलं, नोव्हेंबरात मीच घाबरून चुकलो असेन. सुट्टी रद्द केली." त्यांनी पान उघडून तिच्यापुढे धरलं. पानभर बरोबरच्या खुणा, एकाखाली एक, शाळेतल्या हुशार मुलाच्या वहीसारख्या. "फक्त हे दोरे जुळेनात. म्हणून इथं येऊन बघत होतो. म्हटलं, कारखान्यातल्या ट्यूबलाइटचा दोष असेल."

सुचेता उभीच राहिली. गोष्ट चांगली होती. पण गेल्या वर्षीच्या गृहस्थाचीही गोष्ट चांगली होती. तिनं वाकून विटकरी दोरा उचलला.

"हा कुठला?"

"राखी."

हिरवा उचलला.

"हाही राखीच. जरा मळका."

नाटक करणाऱ्यालाही हे जमलं असतं. तिची नजर त्यांच्या मुठीतल्या रुमालावर गेली.

"रुमालावर हे केशरी डाग कसले आहेत?"

"केशरी?" हिवराळ्यांनी रुमाल डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, उजेडाकडे केला. "केशरी आहेत? डॉक्टर म्हणाले होते, गोळीनं घाम, लघवी, डोळ्यांतलं पाणी सगळं केशरी होतं, घाबरू नका. पहिले दोन महिने झालं. मग मला वाटलं, थांबलं."

ते रुमालाकडे बघत राहिले. सुचेता त्यांच्याकडे. असा चेहरा कुणाला ठरवून करता येत नाही, असं तिला वाटलं. वाटलं, खात्री नव्हती. खात्रीची वाट बघायला आता वेळ नव्हता.

ती बांधावर खाली बसली. पर्सची चेन उघडली.

"हिवराळे, मी खोटं सांगत होते."

"काय?"

"चार डिसेंबरपासून. तुम्ही पक्षी धरणारे आहात असं मला वाटलं. अशांना मादी हवी असते. म्हणून मी सगळ्यांनाच नर म्हणत गेले. पेन काढा."

त्यांनी पेन काढलं नाही. तिनं आपलं काढून त्यांच्या हातात दिलं आणि स्वतःच्या वहीतून वाचायला लागली, प्रूफ वाचतात तशी, एकेक शब्द सुटा करून.

"चार डिसेंबर. तिसरा बांध. खरूची. मादी."

फुली.

"चार डिसेंबर. तिवरं. भोवत्या. मादी."

फुली.

"अकरा डिसेंबर. दुसरा बांध. खरूची. नर."

"राहू दे?"

"राहू दे. अकरा डिसेंबर. तिसरा बांध. खरूची. मादी."

फुली. फुली. एक राहू दे. फुली. नाथानं केव्हातरी फावडं खाली ठेवलं होतं. हिवराळे आधी प्रत्येक फुलीला थांबत होते, मग हात सरावला. पुढची ओळ सुचेताच्या ओठांपर्यंत आली आणि ती थांबली. तिनं लिहिलं होतं: अठरा डिसेंबर. टॉवर. बहिरी. मादी.

"पुढं?" हिवराळे म्हणाले.

"अठरा डिसेंबर. टॉवर." तिनं त्यांच्या डोळ्यांकडे रोखून पाहिलं. "बहिरी."

"ती नको," हिवराळ्यांनी वहीवरून मान वर न करता सांगितलं. "तिच्यात रंगाचा फरकच नसतो म्हणालात ना तुम्ही? मला तिचा काय उपयोग? पुढची सांगा."

डोक्यावर साठ फुटांवर ती बसली होती. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

सुचेतानं पुढची सांगितली.

शेवटी एकोणतीस ओळींपैकी एकोणीस फुल्या झाल्या. हिवराळ्यांनी त्या दोनदा मोजल्या, वही मिटली, दोरे गोळा केले.

"उद्या जातो."

"उद्या नाही. त्याच दिवशी म्हणालेत ना डॉक्टर? आत्ता निघा. दवाखाना बंद असेल तर त्यांचं घर शोधा."

"व्हय." ते उठले. "मॅडम, म्हणजे सहा आठवडे..."

तिनं आपली वही मिटली. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. बांधावरून दहा-वीस पावलं गेले, आणि थांबले.

"ती टॉवरवरची," त्यांनी तिथूनच विचारलं, "कुणी धरायला येणार होतं काय?"

सुचेताचे कान उभे राहिले. जुनी खोड. "का?"

"त्या बुधवारी ह्या दादांनी मला हटकलं ना, त्यानंतर पलीकडच्या रस्त्याला एक जण स्कूटर लावून उभा होता. गॉगल घातलेला. दुर्बिणीतून हिच्याकडंच बघत होता. पायाशी पिशवी, पिशवीत काहीतरी फडफडत होतं."

नाथानं फावडं उचललं.

"हे तुम्ही आधी नाही सांगितलंत?"

"कधी सांगू? आठवड्यातून एकदा बोलायचो. मी विचारायचो नर का मादी, तुम्ही म्हणायचा नर."

"स्कूटर कुठल्या रंगाची होती?" तिच्या तोंडून निघून गेलं.

हिवराळे हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले, खोकला येईपर्यंत.

"तेवढं सोडून काहीही विचारा. नंबर लिहिलाय." ते परत आले, वहीचं शेवटचं पान फाडलं आणि हात लांब करून, तोंड बाजूला वळवून तिला दिलं. "सवय आहे. आमच्याकडं रंगाला नावानं कुणी ओळखत नाही, नंबरानंच ओळखतात."

ते गेले. सुचेतानं कागद पर्समध्ये टाकला. उद्या छापखान्याऐवजी वनखात्याच्या कचेरीत. नाथा पलीकडच्या रस्त्याच्या बाजूला जाऊन तिवरांत उकिडवा बसला. आजपासून तिथंच, म्हणाला.

सांगता येत नाही

सातला गट आला. पुढं काका, काखेत यादी.

"लवकर आलीस? काय दिसलं?"

"अजून काही नाही."

तिसऱ्या बांधावर खरूची येऊन हवेत थांबली. सुचेतानं दुर्बीण लावली. डोकं विटकरी, पाठ विटकरी, शेपटीवर आडव्या पट्ट्या. दुर्बीण खाली घेऊन तिनं नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, मग पुन्हा लावली. रंग तेच होते. बांधाच्या टोकाला हिवराळ्यांचा ठिपका स्टेशनच्या रस्त्याला लागत होता.

"हाक दे गं," काका म्हणाले. "पेन उघडून बसलोय."

"खरूची, एक, मादी."

"आली बाई माहेराहून!"

सगळे हसले.

"काका, ती पोस्टात टाकायची यादी आज मला द्या," सुचेता म्हणाली. "चार डिसेंबरपासून सगळी पुन्हा लिहायचीये."